खुणेला टेकलेलं पाणी

तिकिटाच्या परतीच्या अर्ध्या भागाला एका बाजूने बारीक दाते होते — कंडक्टरने ते घाईत फाडलं होतं, एक कोपरा तर निघूनच गेला होता — आणि काचवाले बसच्या खिडकीशी बसून अंगठ्याच्या पेराने ते दाते पुन्हा पुन्हा चाचपत होते. मुलीचा घटस्फोट झाला त्या वर्षीची ही गोष्ट. कोर्टाचा कागद ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हाती आला होता आणि आज सप्टेंबरचा दुसरा मंगळवार होता. दुसरा मंगळवार म्हणजे तलाव. नऊ वर्षं त्यात खंड पडला नव्हता. तिकीट मागताना तोंडातून ‘जाऊन-येऊन’ असं सवयीने निघून गेलं, आणि दोन थांबे मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण भलतंच करून बसलो... कारण परतीचं हे तिकीट त्यांच्या स्वतःच्या कामाचं नव्हतंच. ते व्याह्यांसाठी होतं.

ही व्यवस्था व्याह्यांनीच बसवलेली. सरकारी कचेरीत चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, म्हणून सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. जसे यांना, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जन्मभर काचा घासल्या म्हणून, काचवाले. मुलांच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघे व्याही तलावाला एकत्र चालायला गेले होते, ते एकदाच. नकाशेवाले झपाझप पावलं टाकणारे, आणि काचवाल्यांना दर दहा पावलांवर काहीतरी दिसायचं — पानावरचा थेंब, सालीतली भेग, पाण्यावर पडलेली तिरपी तिरीप — आणि दिसलं की ते थांबायचे. जे दिसतं त्याच्यापुढे थांबायचं नाही तर मग चाळीस वर्षं लोकांना दिसावं म्हणून काचा कशाला घासल्या? पण हे नकाशेवाल्यांना कोण सांगणार.

“व्याहीबुवा, राग मानू नका,” यांच्या तिसऱ्या थांबण्यालाच ते म्हणाले होते, “पण तुमच्याबरोबर चालणं म्हणजे तुंबलेल्या नळाखाली बादली लावून बसणं.”

“मग तुम्ही व्हा की पुढे.”

“पुढे होऊन काय करू? तिथे बसून तुमचीच वाट बघायची ना? मला वाट बघता येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नाही.”

आणि पुढच्या महिन्यात त्यांनी कागदावर तलाव काढून आणला. शहरातून तलावाकडे दोन बसगाड्या जातात. एक भिंतीच्या थांब्याला, जिथे धरणाची भिंत आहे. दुसरी वखारीच्या थांब्याला, तलावाच्या शेपटाकडे, जिथे लाकडाची वखार आहे. मधे काठाकाठाने जंगलातली वाट, अकरा किलोमीटर. काचवाल्यांनी भिंतीकडून निघायचं, नकाशेवाल्यांनी वखारीकडून. जिथे भेट होईल तिथे तासभर बसायचं, डबे सोडायचे, परतीची तिकिटं बदलायची आणि ज्याने त्याने पुढे दुसऱ्याच्या थांब्यावर जाऊन दुसऱ्याच्या बसने घरी यायचं. मागे फिरायचं नाही. “चाललेली वाट परत कशाला तुडवायची? दोघांना अख्खा तलाव बघायला मिळतो, आणि एकमेकांचा त्रास फक्त एक तास.” हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की काचवाले हसता हसता राहिले.

फोन करून कधी ठरवावं लागलं नाही. मंगळवार ठरलेला, बस ठरलेली. आणि म्हणूनच आज... आज ते येणार की नाही हे विचारायची सोयच नव्हती. नऊ वर्षांत न विचारलेली गोष्ट आता विचारायची म्हणजे ‘येऊ नका’ म्हणायची त्यांना संधी देण्यासारखंच होतं. तिकीट पाकिटात गेलं, पुन्हा बाहेर आलं, पुन्हा पाकिटात गेलं.

भिंतीच्या थांब्यावर ते एकटेच उतरले. बस वळून गेली तेव्हा एकदम इतकं शांत झालं की त्यांना स्वतःच्या बुटांचा आवाज परका वाटला. सकाळी या बुटांनीच घोळ केला होता.

“कुठे निघालात, बाबा?” मुलीने विचारलं होतं. परत आल्यापासून ती पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून बसते. मान वर न करता तिला घरातलं सगळं दिसतं.

“दाताच्या डॉक्टरकडे.”

“कॅनव्हासचे बूट घालून?”

“तिथे पायऱ्या फार आहेत.”

“बरं,” ती म्हणाली. पण ते दारातून निघाले तेव्हा तिने पिशवी हातात दिली आणि पिशवीत डबा होता आणि डब्यात उकडलेली दोन अंडी — दाताच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाला! म्हणजे तिला कळलं होतं. पण दोन का? लग्नाआधी ती डब्यात दोनच द्यायची, ती गेल्यावर काचवालेही स्वतः दोनच उकडत आले, आणि नऊ वर्षं त्यातलं एक नकाशेवाले खात आले होते हे तिला ठाऊक होतं. आज ती दोन्ही तुम्हीच खा असं होतं, की एक त्यांना द्या असं होतं? की तिचा हात नुसता सवयीने चालला, माझी जीभ तिकिटाला चालली तसा? विचारायला हवं होतं. मी काहीच विचारत नाही. ती दोन पेट्या आणि शिवणयंत्र घेऊन रिक्षातून उतरली त्या दिवशीही मी विचारलं नाही. नुसतं म्हणालो, यंत्र जड आहे, थांब, मी धरतो.

काय झालं होतं त्या दोघांचं, हे काचवाल्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं कोणी नाही. “पटत नाही” एवढंच दोन्हीकडून. एखाद्या गिऱ्हाइकाने चष्मा परत आणावा आणि म्हणावं, नंबर बरोबर आहे, काच स्वच्छ आहे, पण घालवत नाही — तसं. अशा गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं हे त्यांना चाळीस वर्षांत सापडलं नव्हतं. नातवंड असतं तर निदान एका पोराचे दोन आजोबा एवढं तरी नातं शिल्लक राहिलं असतं, पण नातवंड नव्हतं. आता नकाशेवाले त्यांचे कोणी नव्हते. कागदावर तसं लिहिलं नव्हतं, पण त्याचा अर्थ तोच होता.

वाट आता झाडांत शिरली होती. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला चढ. उंच, सरळ झाडांच्या बुंध्यांवर अधूनमधून पिवळ्या रंगाचे पट्टे, चालणाऱ्यांनी वाट चुकू नये म्हणून मारलेले. काचवाल्यांचे पाय आज थांबत नव्हते, हे त्यांना बऱ्याच वेळाने जाणवलं. मधे एक कोळ्याचं जाळं होतं, चांगलं मोठं, थेंबांनी लगडलेलं. ते त्यांनी पाहिलं आणि ओलांडून पुढे गेले, आणि मग त्यांना अपराध्यासारखं वाटलं.

कोर्टाच्या बोळात दोघे व्याही समोरासमोरच्या बाकांवर बसले होते. मधे तीन हात जागा. नकाशेवाले सगळा वेळ भिंतीकडे बघत होते. भिंतीवर आग लागल्यास बाहेर कसं पडायचं याचा नकाशा लावला होता. आत मुलांचं काम चाललं होतं. दीड तासाने नकाशेवाले उठले, त्या नकाशाजवळ गेले, बोटाने काहीतरी मोजलं, आणि म्हणाले, “यात जिना चुकीच्या बाजूला दाखवलाय.” एवढंच. मग दार उघडलं, मुलं बाहेर आली, वकील आले आणि ते निघून गेले.

हे ते कोणाला म्हणाले? बोळात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे मलाच म्हणाले असणार. पण तोंड भिंतीकडे होतं... पंधरा दिवस काचवाले ते वाक्य उलटंसुलटं करून बघत होते. ज्या माणसाशी संबंध तोडायचे त्याला कोणी जिन्याबद्दल सांगतं का? आणि ज्याच्याशी ठेवायचे त्याला जिन्याशिवाय दुसरं काही सांगायला सुचू नये का?

सपाट खडक आला. त्यांची भेट बहुतेक वेळा इथेच व्हायची, कारण नकाशेवाले सहा किलोमीटर चालेपर्यंत काचवाल्यांचे जेमतेम पाच व्हायचे. खडकावर कोणी नव्हतं. घड्याळात पावणेबारा. आजची चाल पाहता आपणच लवकर पोहोचलो असू, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते बसले. बारा वाजले. सव्वाबारा. समोर पाण्याचा चिंचोळा फाटा आत शिरला होता आणि पलीकडच्या काठाची झाडं पाण्यात उलटी उभी होती. वाट बघणं हा काचवाल्यांचा हातखंडा; काच घासणाऱ्याला दुसरं काय येतं? चाक फिरत राहतं, पाणी ठिबकत राहतं, आणि आपण थांबायचं. पण आज त्यांना बसवेना. नकाशेवाल्यांना कधी उशीर झाला नव्हता. साडेबाराला त्यांनी मनाशी म्हटलं, आला नाही. आणि ‘आले नाहीत’ न म्हणता आपण ‘आला नाही’ म्हणालो याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तिरीमिरीत ते उठले आणि पुढे चालू लागले.

खडकाच्या थोडं पुढे वाट दुभंगते. खालची वाट पाण्याच्या कडेने जाते, वरची झाडांतून चढून. दोन किलोमीटरवर पुन्हा दोन्ही एक होतात. यासाठीही नकाशेवाल्यांचा नियम होता. दोन्ही टोकांना पाण्यात पांढरी पट्टी मारलेला एकेक खांब आहे. पाणी पट्टीच्या खाली असेल तर खालची वाट, वर असेल तर वरची, म्हणजे चुकामूक व्हायला नको. काचवाल्यांनी वाकून पाहिलं. पाणी पट्टीला टेकलं होतं. वर नाही, खाली नाही. वारा आला की पट्टी बुडायची, वारा थांबला की दिसायची. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं... की झालं होतं, आणि आपण पाहिलं नव्हतं?

ते खालच्या वाटेने गेले. का, हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. चिखल होता, दोनदा पाय घसरला. दुसऱ्या टोकाला पोहोचले तेव्हा धाप लागली होती आणि तिथे जंगलखात्याची एक बाई झाडाच्या बुंध्यावर पिवळा पट्टा मारत होती. डोक्याला रुमाल, पायाशी रंगाचा डबा, कोपरापर्यंत पिवळे हात.

“आजोबा, खालून आलात? अहो, पडला असता की! घरच्यांनी सोडलं कसं एकट्याला?”

“मी... इथून कोणी गेलं का? माझ्याच वयाचे. उंच.”

“गेले ना. झाला अर्धा तास. बस बंद पडली म्हणे वाटेत, सगळ्यांवर चिडले होते.” तिने कुंचला डब्याच्या काठावर पुसला. “माझ्यावरपण चिडले. म्हणे, हा पट्टा तिरका आहे. मी म्हटलं, काका, झाडच तिरकं आहे, मी काय करू?”

काचवाले एक पाऊल पुढे आले. “कुठल्या वाटेने गेले?”

“वरच्या. त्या खांबाकडे बघत उभे होते किती वेळ. मला विचारलं, बाई, तुमच्या मते पाणी वर आहे का खाली? मी म्हटलं, माझ्या मते पाणी ओलं आहे.” ती स्वतःच हसली. “कोण लागतात तुमचे?”

काचवाल्यांनी तोंड उघडलं. “माझ्या मुलीचे सासरे,” ते म्हणाले, आणि मग, खरं तेच सांगायचं म्हणून, “होते.”

बाईचा चेहरा उतरला. “अगं बाई. कधी वारले?”

“वारले नाहीत हो! तुम्हीच पाहिलेत ना आत्ता.”

“मग होते काय म्हणता? घाबरवलंत की मला.” तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “भांडण झालंय का?”

“नाही. भांडण नाही.”

“मग जा की मागे. सापडतील.”

जा की मागे! काचवाले तिथेच एका पडलेल्या ओंडक्यावर बसले आणि हिशेब लावू लागले, आणि हिशेब त्यांना कधीच जमले नव्हते. नकाशेवाले आता वरच्या वाटेने पहिल्या टोकाला पोहोचले असतील. खडकावर कोणी नाही. म्हणजे त्यांना वाटेल, काचवाले आलेच नाहीत. आपण खडकावरच बसून राहिलो असतो तर ते अलगद पुढ्यात आले असते — जन्मात एकदा घाई केली, तीही नेमकी आज! बरं, आता मागे गेलो, तर कुठल्या वाटेने? तेही मागे फिरले तर? मागे फिरायचं नाही हा त्यांचा नियम. पण नियम मोडला तर ते विचार करतील की काचवाले खालून गेले असणार, म्हणून ते खालून येतील. आणि ते वरून गेले म्हणून मी वरून जाईन... आणि पुन्हा आम्ही दोघे दोन टोकांना. आणि तसं दिवसभर. चुकामूक झाली तर काय करायचं याचा नियम त्यांनी केलाच नव्हता. एवढा नेमका माणूस, आणि एवढी एक गोष्ट विसरला. की विसरला नव्हता. चुकामूक होईल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं?

आणि दुसरंही एक होतं, ते मनाच्या तळाशी खड्यासारखं टोचत होतं. पाणी धड वरही नव्हतं, खालीही नव्हतं. अशा वेळी माणूस आपल्याला हवी ती वाट घेतो. त्यांनी वरची का घेतली? भेटायचं होतं म्हणून, की टळावं म्हणून? आणि मी खालची का घेतली?

“ते बघा आजोबा,” बाई म्हणाली, “तो खडक ना तुमचा? इथून सरळ दिसतो.”

खरंच दिसत होता. वाट वळसे घेत गेली होती, पण पाण्यावरून सरळ पाहिलं तर चिंचोळ्या फाट्याच्या पलीकडे खडक होता, फार तर तीन-चारशे हात. आणि खडकावर काहीतरी होतं. उभट, काळसर. मघाशी ते तिथे बसले होते तेव्हा होतं का ते? एखादा खुंट असेल. खुंट होता का तिथे? नऊ वर्षं बसलेल्या जागी खुंट आहे की नाही हे आपल्याला आठवू नये? त्यांनी डोळे बारीक केले. एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलेला, दुसरा पाणावलेला.

“तुम्हाला काय दिसतं?” त्यांनी बाईला विचारलं.

“माणूस असेल. नाहीतर झाडाचं खोड. मलाही लांबचं नाही दिसत हो, चष्मा करायचाय.” ती डबा उचलून पुढच्या झाडाकडे निघाली. “हाक मारून बघा. पाण्यावरून आवाज जातो चांगला.”

काचवाले उठले, पाण्याच्या कडेपर्यंत गेले. दोन्ही हात तोंडाशी धरले. आणि हात तसेच राहिले. काय म्हणून हाक मारायची? व्याहीबुवा म्हणता येत नाही. नावाने त्यांनी कधी बोलावलं नव्हतं. नकाशेवाले हे तर पाठीमागचं नाव, तोंडावर कोण म्हणतं? तीन-चारशे हातांवर एक माणूस किंवा एक खुंट बसलेला होता आणि त्याला काय म्हणायचं हे ठाऊक नाही म्हणून एक म्हातारा तोंडाशी हात धरून उभा होता.

“अहोऽऽ!”

मागे झाडांत बाई खुदकन हसली. पलीकडच्या काठावरून काही वेळाने ‘होऽऽ’ असं आलं. तो त्यांचाच आवाज होता, पाण्यावरून परत आलेला, किंवा नव्हता. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. पुन्हा मारली असती तर कळलं असतं. खडकावरचं ते काळं उभट होतं तिथेच होतं, हललं नाही, पण दूर अंतरावर बसलेला माणूस तरी कुठे हलताना दिसतो.

ते पुन्हा ओंडक्यावर बसले, आता खडकाकडे तोंड करून. नकाशेवाल्यांच्या डोळ्यांचे नंबर त्यांना पाठ होते. नऊ वर्षांत तीनदा त्यांच्या काचा यांनीच घासल्या होत्या. चालताना घाम येतो म्हणून ते चष्मा काढून खिशात ठेवतात. म्हणजे ते तिथे असले, तर त्यांनाही या काठावर एक काळं उभट काहीतरी दिसत असणार, आणि तेही विचार करत असणार, हा खुंट मघाशी इथे होता का. वाट बघता न येणारा माणूस. आणि तरी तो बसून राहिला असेल तर... काचवाल्यांनी तो विचार तिथेच सोडून दिला. वखारीवरून शेवटची बस पाच दहाला सुटते, तिथवर अजून साडेतीन किलोमीटर होते, आणि मागे जायचं की पुढे हे काही ठरलं नव्हतं. सकाळपासून डोक्यात चाललेला गुंता तसाच होता, एक गाठ सुटली नव्हती. पण त्या गुंत्याच्या मधोमध ते आता निवांत बसले होते, एखाद्या ओळखीच्या खोलीत बसावं तसे, आणि समोर जे दिसत होतं त्याच्यापुढे थांबले होते.

काचवाले त्याच वर्षी, डिसेंबरच्या अकरा तारखेला, सकाळी सात वाजता घरीच वारले. नकाशेवाले तेव्हा तिथे हजर होते.